क्राइम सिरीजचा दुसरा सीझन फसतो कुठे? लिहायला बसण्याआधी या चुका टाळा

पहिला सीझन गाजला की दुसऱ्याची मागणी लगेच येते, आणि बहुतेक गडबड त्याच आठवड्यात सुरू होते. ठाणे-नवी मुंबईच्या पार्श्वभूमीवर गुन्हेकथा लिहिणारे बरेच मराठी लेखक आज या टप्प्यावर आहेत किंवा लवकरच येतील. म्हणून दुखणं कुठे असतं आणि ते कागदावर असतानाच कसं दुरुस्त करायचं, ते इथे दिलं आहे.

आधी सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. 'ट्रू डिटेक्टिव्ह' या एचबीओ वाहिनीच्या अमेरिकन मालिकेचा पहिला सीझन जानेवारी २०१४ मध्ये आला. आठ भाग, लेखक निक पिझोलाटो, आठही भागांचा दिग्दर्शक कॅरी फुकुनागा, मध्यभागी दोनच पोलीस आणि एक जुनं प्रकरण. दुसरा सीझन जून २०१५ मध्ये आला. भाग तेवढेच, पण मुख्य पात्रं चार, दिग्दर्शक अनेक आणि कथा कॅलिफोर्नियातल्या रेल्वेमार्गालगतच्या जमिनीच्या व्यवहारांची. नट उत्तम होते, पैसा होता, तरी प्रेक्षक गोंधळले. एचबीओचे तेव्हाचे कार्यक्रमप्रमुख मायकल लोम्बार्डो यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की लेखकाला घाई करायला लावली ही चूक त्यांची होती. पुढे २०१९ चा तिसरा सीझन पुन्हा दोन पोलीस आणि एका प्रकरणावर आला, आणि तो दुसऱ्यापेक्षा पुष्कळ बरा उतरला.

यातून घ्यायची गोष्ट एकच. पहिल्या सीझनची ताकद त्याच्या अरुंदपणात असते आणि दुसऱ्या सीझनमध्ये सगळे मिळून नेमका तोच घालवतात.

चूक: पात्रं वाढवली की सीझन मोठा होतो, असं मानणं

हा साधा हिशेब आहे. ४५ मिनिटांचे आठ भाग म्हणजे ३६० मिनिटं. त्यातला साठ टक्के वेळ मुख्य पात्रांना दिला तर २१६ मिनिटं होतात. दोन पात्रं असतील तर प्रत्येकाला १०८ मिनिटं, म्हणजे जवळपास एक अख्खा चित्रपट. चार केलीत की प्रत्येकी ५४, म्हणजे भागाला सात मिनिटंसुद्धा नाहीत. सात मिनिटांत घर, नोकरी, जुनी जखम आणि तपास हे सगळं बसवायला गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला एक दारूची बाटली आणि एक मोडलेलं लग्न एवढंच येतं. चारही पात्रं एकसारखी वाटू लागतात ती त्यामुळे.

दुरुस्ती: दृष्टिकोन दोनच ठेवा, फार तर तीन. नवीन माणूस आणायचाच असेल तर जुन्यांपैकी एकाला मागे घ्या. आणि ते चौथ्या भागात प्रकृतीचं कारण देऊन नव्हे, पहिल्याच भागात, बदलीच्या आदेशानं. पोलिसांत बदली ही रोजची गोष्ट आहे, प्रेक्षक ती लगेच स्वीकारतो.

चूक: मेलेल्या माणसाशी कुणाचं काही देणंघेणं नसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पहिल्या सीझनमध्ये एखाद्या मुलीचा मृतदेह सापडतो आणि तिचं काय झालं हे आपल्याला कळायलाच हवं असतं. दुसऱ्यात मरतो एखादा अधिकारी किंवा बिल्डर, आणि त्याच्याभोवती कंपन्या, टेंडरं, मंत्री, ट्रस्ट असं जाळं विणलं जातं. तिसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला कोण कुणाचा भागीदार हे आठवत नाही. खरं तर त्याला ते आठवून घ्यावंसंही वाटत नाही.

नवी मुंबईत कथा नेली की जमीन येणारच. विमानतळ आहे, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आहे, उलवे-द्रोणागिरीचे भाव आहेत. विषय अस्सल आहे, तो सोडू नका. पण जमीन पडद्यावर नकाशा म्हणून दिसली की मेली. ती एका माणसाच्या नावावर दिसली पाहिजे.

समजा, तुमचं प्रकरण साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं आहे, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के मिळणाऱ्या विकसित भूखंडाचं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी १९७० पासून जमिनी घेतल्या गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देण्याचं तत्त्व मान्य झालं. हा इतिहास एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी भाषण म्हणून घालू नका. त्याऐवजी एक कागद दाखवा: सातबारा, त्यावर तीन भावांची नावं आणि बहिणीचं नाव वारस नोंदीत आलेलंच नाही. भूखंड मंजूर झाला, एका भावानं कुलमुखत्यारपत्र दिलं, बिल्डरसोबत त्रिपक्षीय करार झाला, इमारत उभी राहिली. बहीण फेरफाराची नक्कल मागायला तलाठ्याकडे गेली आणि पंधरा दिवसांनी खाडीत सापडली. आता प्रेक्षकाला कंपन्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत. तिचं नाव कुणी गाळलं, एवढाच प्रश्न उरतो, आणि आठ भाग त्याच्यावर चालतात.

तपासून पाहायची सोपी पद्धत अशी: पहिल्या भागाच्या पहिल्या दहा पानांत मृताचं नाव, त्याची एक सवय आणि त्याची वाट पाहणारं एक माणूस, या तीन गोष्टी आहेत का पाहा. एक जरी नसेल तर पुढे लिहू नका.

चूक: पोलीस प्रक्रिया 'मागच्या वेळेसारखीच' ठेवणं

पहिल्या सीझनसाठी केलेला अभ्यास दुसऱ्यासाठी शिळा होतो, आणि या वेळी तर कायदाच बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खून आता कलम १०३ मध्ये येतो, ३०२ मध्ये नाही. मात्र गुन्हा त्या तारखेआधी घडलेला असेल आणि उघड आज झाला, तर कलम ३०२ च लागतं, तपासाची पद्धत तेवढी नवी. दोन काळांत फिरणाऱ्या कथेत हा फरक पाळला नाही तर ठाण्यातला कुठलाही वकील पहिल्याच भागात टीव्ही बंद करेल.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जावं अशी तरतूद आली आहे. म्हणजे 'साहेबांनी कपाटात गुपचूप सुरा ठेवला' हा जुना प्रसंग आता तसाच चालत नाही. पण त्याहून चांगला प्रसंग हाती येतो: मोबाइल सुरू होण्याआधीच्या चार मिनिटांत त्या खोलीत काय झालं?

हद्द हा भाग तर आपल्याकडे सोन्यासारखा आहे आणि फार कमी लेखक तो वापरतात. ठाणे खाडी एकच, पण विटाव्याचा काठ ठाणे शहर आयुक्तालयात, ऐरोली नवी मुंबईत आणि समोरचा मुलुंडचा काठ मुंबई पोलिसांकडे. विटाव्याला प्रेत लागलं तर कळवा पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतील, पंचनामा होईल, शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं की खुनाचा गुन्हा दाखल होईल. घटना ऐरोलीत घडल्याचं दिसलं तर तो शून्य क्रमांकानं (दुसऱ्या हद्दीतला गुन्हा म्हणून) नोंदवून तिकडे वर्ग होईल. दरम्यान गुन्हे शाखेचा समांतर तपास सुरूच असतो. उरण-पनवेलकडे गेलात तर आयुक्तालय नवी मुंबईचंच, पण जिल्हा रायगड. या प्रत्येक सांध्यावर कुणीतरी फाइल पुढे ढकलतं, कुणीतरी दाबून धरतं. संघर्षासाठी वेगळा खलनायक आणावा लागत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारे आणखी दोन दोष. एक, कोठडीत आरोपी कबूल झाला की केस संपली, असं दाखवणं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली तर तिच्यापुरता भाग चालतो, आणि त्यासाठी पंचांसमक्ष मेमोरंडम पंचनामा लागतो. म्हणून कबुलीनंतरचा प्रसंग हाच खरा प्रसंग: वस्तू सापडेल का, आणि पंच कोर्टात टिकेल का? दोन, कुणालाही 'मोक्का लावा' म्हणणं. १९९९ च्या त्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यासाठी संघटित टोळी लागते, मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात आणि गुन्हा नोंदवायलाच उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्यात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब मात्र ग्राह्य धरता येतो. म्हणजे मोक्का लागतो की नाही यावर अख्खा भाग उभा राहू शकतो. एका संवादात तो उडवून टाकू नका.

सीझनचा ताण ढिला पडत असेल तर तपासाच्या नव्या कायद्यातलं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं घड्याळ वापरा. खुनाच्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण या नव्या संहितेत ती पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं घेता येते. दुसऱ्या भागाच्या शेवटी अटक, आठव्यात नव्वदावा दिवस. मधल्या पाच भागांत ते १५ दिवस तुमचा अधिकारी कसे खर्च करतो, यातून त्याचा स्वभाव आपोआप दिसतो.

चूक: वातावरणाची नक्कल

पहिल्या सीझनमधलं एखादं पात्र गूढ, जडशीळ बोलायचं आणि लोकांना ते आवडलं. दुसऱ्यात सगळेच तसं बोलू लागतात, चहावाल्यापर्यंत. खालच्या दोन ओळी पाहा. प्रसंग एकच: विटाव्याचा काठ, सकाळ, एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आणि हवालदार.

"साहेब, या खाडीनं सगळ्यांची पापं पोटात घेतलीयत."

"साहेब, भरती साडेचारला संपली. त्यानंतर पाणी खाली वाशीकडे जातं. ऐरोलीला टाकलेलं प्रेत उलटं वर कसं आलं?"

पहिली ओळ कुणाच्याही तोंडी जाईल. दुसरी त्याच माणसाची आहे ज्याचं लहानपण या पाण्याशेजारी गेलंय, आणि ती तपास पुढे नेते: एकतर वेळ चुकीची आहे किंवा जागा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात हे लक्षात ठेवा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी किती आत येतं ते दिवाळे किंवा वाशीगावच्या कोळ्यांना विचारा. ते अचूक सांगतात. आगरी-कोळी संवाद लिहिलेत तर त्याच गावच्या माणसाकडून वाचून घ्या. घणसोलीचं बोलणं उरणला जसंच्या तसं चालत नाही.

कसोटी: प्रत्येक प्रसंगातली पात्रांची नावं झाकून मोठ्यानं वाचा. कोण बोलतंय हे कळलं नाही तर तो संवाद पुन्हा लिहा.

चूक: न्हावा-शेवाचा कंटेनर

दुसरा सीझन म्हटला की बंदर आणि अमली पदार्थ येतातच. तिथली कारवाई बहुतेक वेळा सीमाशुल्क विभाग किंवा महसूल गुप्तचर संचालनालय करतं, स्थानिक ठाण्याचा एपीआय टॉर्च घेऊन कंटेनर उघडत नाही. तुमच्या पोलिसाला तिथे जागाच नसेल तर बंदर सोडून द्या. जागा हवीच असेल तर ती सीलमध्ये शोधा: सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर साठवणुकीच्या जागेत) आलेल्या कंटेनरचा सील क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळत नाही आणि सीएचएकडे (सीमाशुल्काची कागदपत्रं करणाऱ्या एजंटकडे) काम करणारा पोरगा बेपत्ता आहे. बेपत्ता माणूस हे पोलीस ठाण्याचं काम.

वेळेचा हिशेब

पहिला सीझन लेखकाच्या डोक्यात कित्येक वर्षं मुरलेला असतो. दुसऱ्याला तेवढी वर्षं मिळणार नाहीत, पण किमान तीस आठवडे मागा आणि करारात लिहून घ्या. सहा आठवडे निव्वळ अभ्यास, आठ आठवडे फलकावर आठही भागांची मांडणी, बारा आठवडे पहिला खर्डा, चार आठवडे सलग वाचन आणि दुरुस्ती. आठव्या भागाचा शेवट फलकावर पक्का झाल्याशिवाय पहिल्या भागाचे संवाद लिहू नका. चित्रीकरणाची तारीख आधी ठरली आणि शेवट नंतर सुचला, असं झालं की सातव्या भागात दोन पात्रं टेबलाशी बसून सगळं उलगडून सांगतात. तुमच्या खर्ड्यात तसा प्रसंग असेल तर घाई नेमकी तिथे झाली आहे. त्यातली माहिती सुटी करा आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागात कृतीतून पेरा.

चित्रीकरण उरकलंय आणि आता लक्षात आलं, तर?

तरी बरंच वाचवता येतं. चौथं मुख्य पात्र असेल तर त्याचं घरचं उपकथानक पूर्ण काढा आणि तपासातले प्रसंग तेवढे ठेवा. साधारण ३० ते ४० मिनिटं मोकळी होतात. ती मृत व्यक्तीला द्या: तिचे व्हॉइस मेसेज, जुने फोटो, शेजारणीचा जबाब. हे एका दिवसाच्या जादा चित्रीकरणात होतं. कागदपत्रांचा गुंता असेल तर एकच कागद निवडा आणि तो किमान तीन भागांत जवळून दाखवा, दर वेळी एक नवी नोंद वाचता येईल असा. कलमं, हुद्दे आणि आयुक्तालयांची नावं डबिंगमध्ये दुरुस्त होतात, पण त्याआधी स्टेशन हाउसवर काम केलेल्या निवृत्त हवालदाराला सगळे भाग दाखवा. अधिकाऱ्यापेक्षा हवालदार बरा, कारण डायरी तो लिहितो.