बेहाई बागेत सकाळीच जा

बीजिंगच्या बेहाई बागेत सातच्या सुमारास पोचा; नंतर टूरवाल्यांचे झेंडे सुरू होतात. मेट्रोच्या ६ नंबर लाइनने बेहाई नॉर्थला उतरा, पासपोर्ट जवळ ठेवा. १७५६ची नऊ ड्रॅगनांची भिंत या उत्तरेच्या बाजूलाच आहे.

पण खरी मजा फरसबंदीवर. म्हातारी माणसं हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून जमिनीवर अक्षरं काढतात. ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळायला लागतं. माझा पाय चुकून त्यावर पडला. आजोबा हसले, ब्रश माझ्याच हातात दिला. मी ‘श्री’ काढला! तुम्ही मात्र कडेकडेने चाला.

मग तळ्यातलं बेट. तिथल्या १६५१च्या पांढऱ्या स्तूपाच्या पायऱ्या गुडघे बघूनच चढा. कडक थंडीत नावा बंद, तळं गोठलेलं असतं.