स्टोरेजचा स्विच बदलला आणि फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ झाली: काय करायचं?

रात्री आय-स्कझीच्या (लिनक्स सर्व्हरला नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या पद्धतीच्या) नेटवर्कवर स्विच बदलला. सकाळी डेटाबेस बंद, आणि साधी फाइल बनवायला गेलं तरी ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. अशा वेळी हात आधी रीबूटकडे जातो. तो आवरा. लॉगही त्याच डिस्कवर असतील तर बिघाडानंतरचं काहीच डिस्कवर उतरलेलं नाही. पुरावा फक्त कर्नलच्या मेमरीत आहे आणि रीबूट केलं की तोही गेला.

१. ‘डीमेसेज’चं (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. क्रम बहुधा असा दिसतो: कनेक्शन एरर, मग आय-ओ एरर, मग ‘अबॉर्टिंग जर्नल’, शेवटी ‘रीमाउंटिंग फाइल सिस्टिम रीड-ओन्ली’. जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची नोंदवही) लिहिता येईना म्हणून ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमनं स्वतःच दार लावून घेतलं. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम मात्र रीड-ओन्ली होत नाही, सरळ बंद पडते. मग वाचतानाही एरर येतो.

२. पहिल्या दोन ओळींतलं (कनेक्शन एरर ते आय-ओ एरर) वेळेचं अंतर मोजा. साधारण १२० सेकंद भरलं तर लिंक तेवढा वेळ परतलीच नाही: ओपन-आय-स्कझीचा (लिनक्सवरच्या आय-स्कझी सॉफ्टवेअरचा) ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’, म्हणजे तुटलेलं कनेक्शन परतायची वाट पाहण्याची मुदत, मुळात तेवढाच असतो.

३. फाइल सिस्टिमला हात लावण्याआधी स्टोरेजपर्यंतची नेटवर्कची वाट दुरुस्त करा. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पॅकेटं) वापरत असाल तर तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचा पिंग मारा (९००० मधून हेडरचे २८ वजा). नव्या स्विचवर एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) १५०० राहिला असेल तर लॉगिन बिनबोभाट होतं, छोटी पॅकेटं जातात, मोठं राइट मात्र लटकतं. हा घोळ भल्याभल्यांना चकवतो. मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा) असेल तर सगळे पाथ ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी’ दिसले पाहिजेत.

४. जर्नल अबॉर्ट झालेली ईएक्सटी४ ‘रीमाउंट, आर-डब्ल्यू’ला (पुन्हा लिहिण्याजोगी करायच्या आदेशाला) दाद देत नाही. अ‍ॅप्लिकेशन थांबवा, कोणता प्रोसेस फाइल सिस्टिम अडवतोय ते ‘फ्यूजर’ कमांडनं शोधा, अनमाउंट करा. स्टोरेजवर स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घ्या आणि मगच फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ कमांड चालवा. फक्त पाहणीसाठी ‘-एन’ दिलंत तर जर्नल रीप्ले होत नाही (त्यात टिपलेले बदल पुरे केले जात नाहीत), त्यामुळे दिसणाऱ्या सगळ्याच चुका खऱ्या नसतात, घाबरू नका. एक्सएफएस असेल तर एकदा माउंट करून अनमाउंट करा, लॉग (एक्सएफएसचं जर्नल) रीप्ले होऊ द्या, मग ‘एक्सएफएस रिपेअर’. त्यातला ‘-एल’ पर्याय लॉगच फेकून देतो, म्हणून तो अगदी शेवटी.

५. पुन्हा होऊ नये म्हणून रिप्लेसमेंट टाइमआउट बदला. एकच पाथ असेल तर वाढवा. मल्टिपाथ असेल तर उलट ५ सेकंदांवर आणा आणि सगळे पाथ गेल्यावर रांग लावून थांबायचं काम मल्टिपाथवर सोपवा. फक्त कॉन्फिग फाइल बदलून भागत नाही: आधी शोधलेल्या टार्गेटच्या (डिस्क पुरवणाऱ्या स्टोरेजच्या) नोंदी जुनाच आकडा धरून बसतात. ‘आय-स्कझी-अ‍ॅडमिन’ या कमांडनं प्रत्येक नोंद अपडेट करा, लॉगआउट-लॉगिन करा आणि सेशनच्या तपशिलात नवा आकडा दिसतोय का ते पाहा.