रक्तदान शिबिर घेताय? रक्त न देताच परत जाणाऱ्यांसाठीही एक टेबल मांडा

आमच्या क्लबाचं वर्ष जुलैत सुरू होतं. नवे अध्यक्ष पदग्रहण करतात आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "यंदा एक रक्तदान शिबिर घेऊया." मग फोन मला येतो, कारण गोव्यात डिचोलीतली आमची शिबिरं बरीच वर्षं मी सांभाळते. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली. रांग आणि नोंदवही या दोन गोष्टी मला चांगल्या कळतात, आणि शिबिराचं निम्मं काम तेच असतं.

हॉल ठरवायच्या आधी रक्तपेढीशी बोला. शिबिर आपण घेतो असं म्हणतो खरं, पण रक्त घेण्याचा परवाना रक्तपेढीचा असतो. डॉक्टर, तंत्रज्ञ, पिशव्या, तपासणीचं सामान त्यांचं. जागा, माणसं आणि खाणंपिणं आपलं. आम्ही बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, रक्तपेढीला दीड-दोन महिने आधी पत्र देतो. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही रक्तपेढ्या आहेत, तुम्हाला जवळची असेल ती धरा. पत्रात दात्यांचा आकडा खरा लिहा. शंभर लिहिलेत आणि तीसच आले, तर त्या मंडळींचा रविवार वाया जातो. तेवढ्यात ती दुसऱ्या एखाद्या गावी गेली असती.

तारीख मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून ठरवते. उपाशीपोटी रक्त देता येत नाही, म्हणून संकष्टी आणि एकादशी बाद. गावची जत्रा किंवा काला असेल तर दुसरा दिवस बाद, कारण सगळे रात्रभर जागलेले असतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दोन आठवडे कुणाला हाक मारू नका. रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली की चर्चमधली मिस (प्रार्थना) आटोपून येणारे ख्रिस्ती शेजारीही येतात. आणि दुपारी एकला थांबायचंच. रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढायच्या तर ते काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचावं लागतं. डिचोलीहून बांबोळीचा रस्ता आणि तिथलं पुढचं काम धरलं, तर "अजून पाचजण वाटेत आहेत" म्हणून तासभर थांबणं परवडत नाही.

१४ जूनला जागतिक रक्तदाता दिन आणि १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. त्या सुमाराला जो तो शिबिर घेतो. पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात आणि तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस. एकदम आलेलं रक्त साठवून वर्षभर पुरवता येत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम मे महिन्यात एक शिबिर घेतो. कॉलेजं बंद, घरोघरी लग्नं, निम्मा गाव बाहेर. दाते कमी मिळतात, पण रक्तपेढीला तेव्हाच गरज जास्त असते. फोटो चांगला येईल म्हणून तारीख निवडू नका.

हॉल तळमजल्यावरचा, हवेशीर आणि हात धुवायची सोय असलेला हवा. शाळेचा हॉल उत्तम. वीज खात्याच्या दुरुस्तीची सूचना पेपरात येते, ती आदल्या दिवशी बघा आणि जनरेटर सांगून ठेवा.

पत्रकावर कार्यकारिणीची नावं छापण्याऐवजी अटी छापा. वय १८ ते ६५, पण आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल तर ६० च्या आत. वजन किमान ४५ किलो. हिमोग्लोबिन किमान १२.५. मागच्या वेळेपासून पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस झालेले असावेत. वर्षभरात टॅटू काढला असेल तर नाही, पाळी चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नाही. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी. औद्योगिक वसाहतीतली मुलं रात्रपाळी संपवून तशीच येतात. त्यांना मी प्रेमाने घरी पाठवते आणि पुढच्या शिबिराची तारीख हातावर ठेवते.

आता ज्या टेबलासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याबद्दल. पहिल्यांदा मी स्वतः रक्त द्यायला गेले ते दुसऱ्या गावातल्या एका शिबिरात. नवी साडी नेसून गेले होते. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन १०.८ निघालं, आणि समोरच्याने कागदावर काट मारून "नेक्स्ट" म्हटलं. मी कुठे चुकले, काय करायचं, कुणी काही बोललं नाही. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. पुढे कित्येक वर्षं मी शिबिराकडे फिरकले नाही. माझ्यासारख्या किती गेल्या असतील! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या दर दहा बायकांमागे जवळपास चारजणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या शिबिरातून परत जाणाऱ्यांत बायकाच जास्त असणार, हे आधीच धरून चला.

तपासणीच्या टेबलापासून चार पावलांवर, बाहेरच्या दाराच्या आधी, आणखी एक टेबल मांडा. तिथे शक्यतो एखादी निवृत्त नर्स किंवा शिक्षिका बसवा, ऐकून घेणारी. परत आलेल्या बाईला आधी खुर्ची, मग सरबत, मग बोलणं. हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायला सांगा. पाळीत जास्त जातं का, हे ती पुरुषासमोर सांगत नाही, म्हणून इथे बाईच हवी. जेवणाचंही आम्ही सांगतो: तांबडी भाजी, कुळीथ, नाचणी, तीळ, वर लिंबू पिळायचं. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टर देतील तेव्हाच. माझं स्वतःचं १२.८ व्हायला सात महिने लागले होते.

खाण्याबद्दल थोडं. "जेवून या" असं लिहूनही निम्मे जण नुसत्या चहावर येतात. म्हणून आमचा नाश्ता दाराशीच असतो. पोदेराला आदल्या दिवशी सांगितलं की सकाळी गरम पाव येतात, सोबत पातळ भाजी. रक्त दिल्यावर कोकमाचं सरबत, शिरा, रसबाळी केळी. वीस मिनिटं बसवून ठेवा, मगच स्कूटरची किल्ली हातात द्या. चक्कर आली तर आडवं निजवून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. भोवती गर्दी करू देऊ नका, मोबाईलवर चित्रीकरण तर मुळीच नको.

भेटवस्तूंवरून आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते. छत्री द्या, हेल्मेट द्या, गर्दी वाढेल. मी ठाम नाही म्हणते. पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात १९९८ पासून बंद झालं, त्यामागे कारण होतं. वस्तूच्या आशेने आलेला माणूस मागची कावीळ लपवू शकतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरियासाठी चाचणी होते, पण लागण अगदी ताजी असेल तर ती चाचणीत सापडत नाही. तिथे दात्याच्या खरेपणावरच सगळं असतं. प्रमाणपत्र आणि मनापासून आभाराचं "देव बरें करूं", एवढं पुरे.

शेवटी नोंदवहीबद्दल. रक्तपेढीचे अर्ज त्यांच्याकडे जातात, ते गोपनीय असतात. आपली वही वेगळी ठेवा आणि दात्याला विचारूनच त्यात लिहा: नाव, फोन, रक्तगट आणि पुन्हा कधी देता येईल ती तारीख. परत गेलेल्यांसाठी वहीची मागची पानं, तिथे तीन महिन्यांनंतरची तारीख. कारण लिहायचं नाही. वही एकीच्याच ताब्यात राहू दे. फोन मी दिवेलागणीनंतर, सात ते आठमध्ये करते. आधी मागची पानं घेते. "काय गो, तपासून घेतलंस?" एवढंच विचारते, रक्ताचा विषय मी काढत नाही. गेल्या मे महिन्यात खाटेवर बसलेल्यांपैकी सहाजणी त्या मागच्या पानांवरच्या होत्या.