कुत्र्याचे केस बघून कंगवा उचला
साताऱ्यात पावसाळा सरला की अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कुसळी गवत वाळायला लागतं. लांब केसांचं कुत्रं फिरवून आणलं की त्याच्या बोटांमधली जागा, काखा आणि कान हाताने चाचपा. कुसळ टोकाकडून कातडीत शिरतं आणि पुढेच सरकत राहतं. केसांत गुंता असेल तर आंघोळीआधीच, मुळाशी केस धरून सोडवा. ओला गुंता जास्तच आवळतो.

जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, पॉमेरेनियन यांना केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला म्हणून त्यांचं मुंडण कृपया करू नका, वरचे केस ऊन अडवतात. आतली सुटलेली लव लांब दातांच्या कंगव्याने विंचरून काढा. कारवानीसारख्या आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरे.