समुद्रावर न्यायचं रीळ निवडताना विदर्भातल्या गळवाल्यांनी या चुका टाळा

मालवणच्या माणसाचं गळाचं रीळ बिघडलं तर तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं मागून पुन्हा खडकावर जातो. आपल्याला समुद्र गाठायलाच एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तिथं पोचल्यावर रिळानं मान टाकली की उरलेली सुट्टी मासे खाण्यात जाते, पकडण्यात नाही. म्हणून अकोला, यवतमाळ, भंडाऱ्याकडून वर्षातून एखाद्या वेळी कोकणात जाणाऱ्यानं जास्तच चिकित्सा करून रीळ घ्यावं. होतं उलटंच. मरळ-कटल्यासाठी घेतलेलं धरणावरचं रीळ तसंच बॅगेत पडतं, नाहीतर सेलमध्ये डब्यावरचे आकडे पाहून नवं मागवलं जातं.

बेरिंगं मोजणे

“किती बेरिंगचं हाय भाऊ?” हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. डब्यावर १२+१ छापलेलं असलं की गडी खूश. त्यातला +१ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं एकदिशा बेरिंग. बाकीची बारा कुठं बसवलीत आणि कशानं झाकलीत, ते डबा सांगत नाही. खाऱ्या पाण्यात प्रत्येक उघडं बेरिंग ही गंजायची आणखी एक जागा. चार-पाचच असोत, पण झाकलेली असोत.

विचारायचंच असेल तर लाइन रोलरबद्दल विचारा. बेल म्हणजे गळाची लाइन रिळावर गुंडाळणारी, उघडमिट होणारी तारेची कमान. तिच्या टोकाची ही छोटी फिरकी. समुद्रातून ओली लाइन येते ती आधी हिच्यावरून, म्हणून बहुतेक वेळा पहिली जाम होते तीही हीच. ती फिरायची थांबली की लाइन घासते आणि पीळ धरते. नवं रीळ हातात आलं की बोटानं ही फिरकी फिरवून बघा. काही रिळांवर आयपीएक्स५ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाण्याच्या फवाऱ्याला दाद देणार नाही एवढाच. ते पाण्यात बुडवून चालेल, असं त्यात कुठंही नाही.

४००० म्हणजे ४००० नव्हे

साइजचा आकडा प्रत्येक कंपनीचा स्वतःचा. एकीचं ४००० दुसरीच्या ३००० एवढं निघू शकतं. तुलना करायची तर वजन ग्रॅममध्ये बघा आणि कोणत्या जाडीची किती मीटर लाइन बसते ते बघा. धरणावर २५००-३००० साइज पुरते. खडकावरून जिताडा किंवा तांबोशी काढायची तर साधारण ५०००-६००० च्या आसपास या. हँडलच्या एका फेरीत स्पूलभोवती, म्हणजे लाइन गुंडाळतात त्या चकरीभोवती, सहाच्या वर फेरे देणारी रिळं वेगवान असतात खरी, पण जड शिसं ओढताना मनगट बोलायला लागतं. पाचच्या आसपासचं प्रमाण ओढायला सोपं.

स्पूल अर्धवट भरणे

१९०५ साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या कापड गिरणीवाल्यानं या प्रकारच्या, म्हणजे स्पूल जागेवर राहणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून त्याला ते सुचलं, असं सांगतात. बॉबिन जागेवर उभी, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. हिंगणघाटच्या गिरणीत ज्यांची हयात गेली त्यांना याहून जास्त समजावायची गरज नाही. फेकताना स्पूल फिरतच नाही, लाइन कडेवरून निसटते. म्हणूनच स्पूल निम्मं रिकामं असेल तर लाइन कडेला घासून फेक तोकडी पडते, आणि काठोकाठ भरलं तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन गुळगुळीत धातूवर घसरते, तेव्हा खाली थोडा नायलॉनचा तंगूस गुंडाळा आणि सगळी लाइन ताण देऊन भरा.

ड्रॅगच्या किलोला भुलणे

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की स्पूल सरकू देणारा रिळाचा ब्रेक. “पंधरा किलो ड्रॅग” अशी जाहिरात असते. पंधरा किलो ओढ घेऊन तुम्ही खडकावर उभेच राहू शकणार नाही, आणि रॉडही टिकणार नाही. ड्रॅग किती लागतो यापेक्षा तो कसा सुटतो ते महत्त्वाचं. मासा पहिला हिसका देतो तेव्हा स्पूल क्षणभर अडकून मग सुटलं तर लाइन त्याच क्षणी तुटते. कार्बनच्या वॉशरचा ड्रॅग तापला तरी बरा चालतो. स्वस्त रिळातली फेल्टची चकती ओली झाली की तिचा भरवसा उरत नाही.

ही तपासणी घरीच होते. रीळ रॉडवर लावा, लाइन कड्यांतून ओवून टोकाला सामान तोलायचा छोटा डिजिटल काटा बांधा आणि दुसऱ्याला हळूहळू ओढायला सांगा. कापूस मोजायचा ताणकाटा यासाठी घेऊ नका, त्यावर अर्धा-एक किलो नीट कळत नाही. लाइनच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ड्रॅग सुटला पाहिजे. वीस पौंडी लाइन म्हणजे सुमारे नऊ किलो, तेव्हा सव्वादोन ते तीन किलोवर. काट्यावरचा आकडा उड्या मारत असेल तर रीळ परत करा, आणि हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत करा.

जमल्यास निघण्याआधी एखाद्या तलावावर रीळ चालवून बघा, मात्र तिथल्या मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन. व्याघ्र प्रकल्पातल्या पाण्याचा विचारही नको.

खारपाणाच्या पाण्यानं धुणे

ही चूक कोकणवाल्याला सुचणारही नाही. समुद्रावरून आलं की रीळ गोड्या पाण्यानं धुवा, असं सगळेच सांगतात. पण पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या बऱ्याच गावांत, बोअरचं पाणीच खारट. त्यानं धुतलं तर एक मीठ काढून दुसरं लावल्यासारखं. तिकडं प्यायचं पाणी वापरा, तांब्याभर पुरतं. शक्यतो मुक्कामावरच रोज संध्याकाळी धुवा, घरी येईपर्यंत मीठ वाट बघत नाही.

धुताना ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी चकत्यांत शिरणार नाही. हलका शिडकावा द्या, गाडी धुवायचा प्रेशर पाइप लावाल तर मीठ आत ढकलाल. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण ढिला करा. घट्ट ठेवला तर चकत्या दबून राहतात. पुढं दहा महिने रीळ पडून राहणार असतं आणि आपल्याकडं ते टिनाखालच्या माळ्यावर जातं. मे महिन्यात तिथं ग्रीस पातळ होऊन तेल सुटतं. कपाटात ठेवा.

बिघाड कुठं शोधायचा

हँडल मध्येच उलटं फिरतंय? अनेकदा कारण म्हणजे कुणीतरी मायेनं एकदिशा बेरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं. त्याचे रोलर चिकटून बसतात. ते साफ करून अगदी हलक्या तेलाचा थेंब द्यायचा, ग्रीस फक्त गिअरला.

लाइनची वेटोळी वारंवार येत असतील तर आधी रोलर फिरतो का ते बघा, मग सवय तपासा. फेकल्यावर बेल हँडल मारून न मिटवता हातानं मिटवा आणि लाइन एकदा ताणून घ्या. बेलची स्प्रिंगही जास्त टिकते.

हँडल हलवल्यावर खडखडतंय, तर आधी त्याचा स्क्रू आवळा. थेट गिअरमध्ये आटे घालून बसणारं हँडल घेतलं असेल तर ही तक्रार कमी येते. आतून दळल्यासारखा आवाज येत असेल तर मात्र उघडायच्या आधी फोनवर फोटो काढत जा, कारण शिम नावाच्या पातळ चकत्या हरवल्या की गावात मिळत नाहीत. आणि बेल स्प्रिंग, रोलर, हँडल सुटे मिळतात का, हे दुकानदाराला रीळ विकत घ्यायच्या आधी विचारलेलं असावं.