मृगाआधी बांध साफ करताना खुंट राखा
रोहिण्या निघाल्या की पुरंदर, शिरूर, बारामतीकडे बांधसफाईची घाई सुरू होते. जेसीबी सांगण्याआधी एकदा हातात कोयता घेऊन बांध पायी फिरून या. हिवर, बोर, आपटा, तरवड, हेंकळ यांतले बरेच वाळल्यासारखे दिसेल. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. पानझडी रानातली झाडे उन्हाळ्यात पाने टाकून पाणी वाचवतात, त्याला मेलेले समजू नका.

सासवडजवळच्या आमच्या बांधावर काही वर्षांपूर्वी यंत्र फिरवले. एका दुपारीत सगळी झुडपे मुळासकट गेली आणि पुढच्या पावसात तिथे गाजरगवत आणि टणटणी (घाणेरी) माजली. त्याची हळहळ अजून जात नाही.

पळस तोडला तरी मुळातून फुटतो. जुनी मुळे खोल गेलेली असल्याने असा फुटवा नव्या रोपापेक्षा लवकर वर येतो, आणि त्याला टँकरचे पाणी लागत नाही. एका खुंटावर जोमदार दोन-तीन फुटवे ठेवा, बाकीचे छाटा. भोवती बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) लावल्या की शेळ्या तोंड लावत नाहीत. आंबा, चिंच, जांभूळ, खैर तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मालकीच्या रानातही.

काढायची ती टणटणी आणि वेडी बाभूळ. टणटणी वरून कापली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली एक-दोन इंचांवर मूळ तोडा आणि झुडूप तिथेच उलटे टाका, म्हणजे मुळे उन्हात वाळतात. फळे पिकण्याआधीच हे उरका.

मोकळ्या जागी नुसते गिरिपुष्प लावू नका. पुण्याच्या टेकड्यांवर त्याची मोठी लागवड झाली. पाला खताला उत्तम, पण झाड मध्य अमेरिकेचे, आणि आपल्या पाखरांनी खावे असे फळ त्याला धरत नाही. बांधावर झुडपे ठेवा. उंच झाडे ओढ्याकाठी, पडीक माळावर लावा, म्हणजे बाजरी-कांद्यावर सावली येणार नाही आणि शेजाऱ्याशी वाद होणार नाही.

बहाव्याची काळी वाळलेली शेंग हलवा, खुळखुळली तर फोडा. चिकट गर धुऊन बी काढा. कवच इतके टणक असते की तसेच पेरलेले बी बरेच दिवस नुसते पडून राहते. बी खरखरीत दगडावर एका बाजूने घासा, आतला फिकट भाग दिसला की थांबा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेले तेवढे पेरा, न फुगलेले पुन्हा घासा. पळसपापडीला, म्हणजे पळसाच्या बियांना, हा खटाटोप नको, पण ती ताजीच टोचा. माती वीतभर ओली झाल्याशिवाय मात्र काहीही लावू नका. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून टोचलेले बी पुढच्या उघडिपीत करपते. निंबोळ्या पुढे आषाढात पडतील, त्यांची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच जाते, म्हणून गर काढून लगेच पेरा.