टनेल झाला; ३३८९ बंद केलात का?

रिमोट डेस्कटॉप (आरडीपी), म्हणजे लांबूनच विंडोज मशीनचा पडदा वापरण्याची सोय, ३३८९ या पोर्टवर चालते. ती इंटरनेटवर उघडी न ठेवता एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या आतून नेणं म्हणजे टनेल. गेल्या वेळी मी तो टनेल अगदी नीट उभा केला होता. पासवर्डऐवजी लागणाऱ्या एसएसएच किल्ल्या (एक खासगी, एक सार्वजनिक) बनवल्या, एसएसएचचं पासवर्डने लॉगिन बंद केलं, बाहेरून जोडून पाहिलं, डेस्कटॉप समोर आला आणि काम झालं असं समजून उठलो. अडीच आठवड्यांनी एका सकाळी त्याच मशीनने मला आत घेतलं नाही. लॉगिनचे चुकीचे प्रयत्न फार झाले म्हणून खातं लॉक केलंय, असा निरोप. मी एकदाही पासवर्ड चुकवला नव्हता. मशीनपाशी जाऊन दुसऱ्या ॲडमिन खात्याने शिरलो, इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडला, तर ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेली लॉगिन, कितीही खाली गेलो तरी संपेनात. त्यातली एक उघडली. ‘सोर्स नेटवर्क ॲड्रेस’समोर बाहेरचा, अनोळखी आयपी. एसएसएच सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर टनेलमधून आलेली जोडणी तिथे १२७.०.०.१ दिसते, कारण मशीनच्या लेखी ती स्वतःकडूनच आलेली असते. म्हणजे ही मंडळी टनेलमधून येत नव्हती. टनेलच्या आधी राउटरवर ३३८९ चा जो पोर्ट फॉरवर्ड केला होता, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी थेट मशीनकडे पाठवणारी जी ओळ घातली होती, ती तशीच उघडी होती.

त्यामुळे तयारीची सुरुवात राउटरच्या पानापासून करा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या तक्त्यात आज काय काय आहे ते ओळ न ओळ लिहून काढा. ३३८९ टीसीपीवरही असतो आणि यूडीपीवरही (डेटा पाठवण्याच्या या दोन पद्धती), दोन्ही शोधा. कुणीतरी हुशारीने बाहेरचा पोर्ट ३३९० किंवा ५०००० केला असेल आणि आतून तो ३३८९ लाच जोडला असेल, तर तीही ओळ टिपा. पोर्टचा आकडा बदलणं म्हणजे सुरक्षा नव्हे. शोडानसारखी यंत्रणा इंटरनेटवरचे उघडे पोर्ट सतत चाचपत असते, आणि आरडीपी कुठल्याही आकड्यावर असला तरी पहिल्या उत्तरातच ओळखू येतो. यूपीएनपी चालू असेल तर बंद करा, नाहीतर एखादा प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता नवी ओळ घालेल. या ओळी शेवटी काढायच्या आहेत. कागद कीबोर्डशेजारी ठेवा, कारण टनेल चालला की माणूस हे विसरतो. टनेलही चालतो, जुना पोर्टही चालतो, कुठेच काही अडत नाही, आणि तिथेच घात होतो.

सॉफ्टवेअरची अपडेट आधी सगळी लावा, दोन्ही टोकांना. २०१९ मधल्या ब्लूकीप या आरडीपीतल्या त्रुटीला पासवर्डच लागत नव्हता. आरडीपीपर्यंत पोचता आलं की पुरे. ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीलाही पॅच दिला. एसएसएचही धुतल्या तांदळासारखं नाही, २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये रेग्रेशन नावाची मोठी चूक सापडलीच. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, म्हणजे डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख पटवणं, चालू हवं. पासवर्ड लांब हवा. यावर जास्त बोलत नाही.

एसएसएच सर्व्हर त्याच विंडोज मशीनवर चालवता येतो किंवा शेजारच्या छोट्या लिनक्स मशीनवर. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएच सर्व्हर पर्यायी फीचर म्हणून मिळतो. बसवल्यावर एसएसएचडी ही सर्व्हिस ‘मॅन्युअल’वर असते, ती ‘ऑटोमॅटिक’ करा. नाहीतर रात्री अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट होईल आणि सकाळी टनेल नसेल. विंडोजवर आणखी एक जागा आहे जिथे तासभर जातो. खातं ॲडमिन गटातलं असेल तर सार्वजनिक किल्ली तुमच्या घरच्या फोल्डरात ठेवून उपयोग नाही. ती प्रोग्रॅमडेटामधल्या एसएसएच फोल्डरात, ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स_ऑथोराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये लागते. त्या फाइलवर ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टीम यांच्याखेरीज कुणाचे हक्क असले तर सर्व्हर ती नाकारतो. पडद्यावर फक्त ‘परमिशन डिनाइड’ येतं, कारण सांगत नाही.

किल्ली ज्या लॅपटॉपवरून जोडायचं त्याच्यावरच बनवा, ईडी२५५१९ प्रकारची, पासफ्रेजसकट. खासगी किल्ली मेलने, पेनड्राइव्हने, कशानेही हलवायची नाही. दुसरा लॅपटॉप असेल तर त्याची वेगळी किल्ली. एक हरवला तर सर्व्हरवरची एक ओळ पुसायची आणि मोकळं व्हायचं. सर्व्हरच्या किल्लीचा ठसाही (फिंगरप्रिंट, म्हणजे ती किल्ली ओळखायची अक्षरमाला) आधी मशीनपाशी बसून टिपून ठेवा. पहिल्या जोडणीला ‘हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जायचं का’ असं विचारलं जाईल, तेव्हा तो ठसा अक्षरन्अक्षर ताडून मगच ‘येस’ म्हणा. तिथे डोळे मिटून ‘येस’ केलं तर मध्ये बसलेल्या कुणालाही तुम्ही सर्व्हर मानलंत.

किल्लीने आत जाता येतंय हे पाहिल्यावरच पासवर्डने लॉगिन बंद करा, आणि तेही एक जोडणी उघडी ठेवून. नवीन जोडणी दुसऱ्या खिडकीतून तपासा. लिनक्सवर ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’समोर ‘नो’ लिहिलं म्हणजे झालं असं समजू नका. तिथल्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरात दुसरी फाइल असू शकते, एसएसएच जी किंमत आधी वाचतो तीच धरतो, आणि त्या फाइलमध्ये ‘येस’ असलं तर तुमचं ‘नो’ वाया गेलं. एसएसएचडीला मोठ्या टीचा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंग छापून घ्या आणि तिथे डोळ्यांनी ‘नो’ वाचा.

आता टनेल. एसएसएच कमांडला मोठ्या एलचा पर्याय, आपल्या बाजूचा पोर्ट १३३८९, पलीकडे लोकलहोस्ट (म्हणजे सर्व्हरचं मशीन स्वतः) ३३८९. एसएसएच शेजारच्या लिनक्सवर असेल तर लोकलहोस्टऐवजी विंडोज मशीनचा आयपी. आपल्या बाजूला ३३८९ घेऊ नका. लॅपटॉपवर स्वतःचा रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर तो पोर्ट आधीच अडलेला असतो. पोर्टच्या आधी ०.०.०.० लिहू नका. काही न लिहिता तो फक्त तुमच्या लॅपटॉपपुरता उघडतो. शून्यं लिहिलीत की त्या वाय-फायवरच्या प्रत्येकाला टनेलचं तोंड मिळतं. ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ला येस द्या, म्हणजे पोर्ट मिळाला नाही तर जोडणी झाल्याचा भास होणार नाही. ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ६० ठेवा, नाहीतर चहाला उठून आलात की जोडणी मेलेली. मग रिमोट डेस्कटॉपमध्ये लोकलहोस्ट:१३३८९. सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही अशी सूचना येईल. नाव लोकलहोस्टशी जुळणारच नाही, पण त्याचाही ठसा एकदा ताडा. आरडीपीचा यूडीपी भाग या टनेलमधून जात नाही, त्यामुळे व्हिडिओ थोडा अडखळेल. ते मी खुशीने सोसतो.

डेस्कटॉप दिसला? उठू नका. मी इथेच उठलो होतो.

तो कागद घ्या. टनेल ज्यातून येतो ती एसएसएचची एक ओळ सोडून बाकीच्या, ३३८९ पर्यंत पोचणाऱ्या सगळ्या ओळी राउटरवरून काढा. निष्क्रिय करून ठेवू नका, काढाच. हे मशीनजवळ असताना करा. मग विंडोज फायरवॉलमध्ये जा. एसएसएच त्याच मशीनवर असेल तर रिमोट डेस्कटॉपचे आत येणारे नियम बंद केले तरी टनेल चालतो. शेजारच्या लिनक्सवर असेल तर ‘स्कोप’मध्ये फक्त त्या मशीनचा आयपी घाला. पुढे कधी सेटिंगमध्ये रिमोट डेस्कटॉप बंद करून चालू केलात तर विंडोज ते नियम पुन्हा चालू करतो, हे ध्यानात असू द्या.

आणि आता बाहेरून तपासा. ‘बाहेरून’चा अर्थ खरोखर बाहेरून: लॅपटॉप वाय-फायवरून काढा, मोबाईलच्या डेटावर घ्या, टनेल बंद करा आणि राउटरच्या सार्वजनिक आयपीवर थेट ३३८९ ला जोडून बघा. जोडता येता कामा नये. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ३३८९ आणि कागदावरचे बाकीचे आकडेही तपासा. घरच्या नेटवर्कच्या आतून केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, राउटर आतल्या आत वळवून काहीही उत्तर देतो. आयपीव्ही६ असेल तर त्या पत्त्यावरही हेच, कारण तिथे पोर्ट फॉरवर्डचा तक्ता लागूच नसतो, फायरवॉल असेल तरच अडतं. राउटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा तपासा. काही राउटर बदल सेव्हच करत नाहीत, आणि काढलेली ओळ रीस्टार्टनंतर परत येते.

राहिलेलं भराभर सांगतो. मशीन झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंग. एसएसएचचा बाहेरचा पोर्ट २२ सोडून दुसरा घेतलात तर लॉगमधला कचरा कमी होतो, इतकंच. सर्व्हरवर त्या किल्लीला ‘परमिटओपन’ने फक्त ३३८९ पुरती मुभा. ड्राइव्ह शेअरिंग बंद, क्लिपबोर्ड लागला तरच. एक जादा किल्ली सुरक्षित जागी.

आठवड्याने ४६२५ च्या नोंदी बघा, त्यात बाहेरचा आयपी दिसता कामा नये. आणि राउटर बदलला, रीसेट झाला किंवा दुसऱ्या कुणी हाताळला, तर त्याच दिवशी मोबाईलच्या डेटावरून ३३८९ पुन्हा तपासा.